इंग्रजीपुरती सुधा

बाजारात द्राक्षं आली की माझ्या तोंडात इंग्रजी येतं. हे कोणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर म्हणतील, बाईंचं वय झालं. वय झालंच आहे, पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

आज सकाळी कॉलेज रोडला हातगाडीवर यंदाची पहिली द्राक्षं दिसली. संक्रांतीच्या आधीची द्राक्षं दिसायला गोड असतात, खायला नाही. हे नाशकात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, तरी मी थांबले. गाडीवाल्यानं एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. "खाऊन तर बघा, काकू." मी तो तोंडात टाकला, डोळे बारीक केले आणि मनातल्या मनात म्हटलं, 'इट इज नॉट स्वीट, बट इट इज फ्रेश.' वाक्य छान जमलं होतं. ते कोणाला तरी ऐकवावं असं फार वाटलं. गाडीवाल्याला ऐकवण्यात अर्थ नव्हता. मी अर्धा किलो द्राक्षं घेतली आणि घरी आले.

घरी आल्यावर ती धुतली, काचेच्या भांड्यात ठेवली आणि समोर बसून राहिले. जानेवारीत आमच्या इमारतीवर दुपारपर्यंत ऊन येत नाही. फरशी इतकी गार असते की घरातही मोजे घालावे लागतात. असल्या थंडीत मागे एकदा मी इंग्रजी बोलायला शिकले. तो एक हंगाम माझ्या आयुष्यात कुठे ठेवावा हे मला अजून कळलेलं नाही. ना तो शिक्षणात मोडतो, ना संसारात.

उभं आयुष्य मी मराठी शिकवलं. वृत्तं, अलंकार, समास, निबंध. त्यामुळे या गावात मला 'बाई' म्हणणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. रिक्षात बसले तर रिक्षावाला आरशात बघून म्हणतो, "बाई, ओळखलं का?" बँकेत काउंटरपलीकडून "बाई, सही राहिली." एकदा दाढ काढायला गेले, तर डॉक्टर हातात चिमटा घेऊन म्हणाला, "बाई, आ करा." ज्याला मी कधी काळी बाकावर उभं केलं होतं, त्याच्यापुढे आ करताना मी जीव मुठीत धरला होता.

तर मी सगळ्यांची बाई. शेजाऱ्यांची काकू, वॉचमनची मावशी, सासरच्यांची वहिनी, मुक्ताची आई. 'सुधा' म्हणणारी माणसं एकेक करून गेली. आई गेली, मग माझी मोठी बहीण गेली. हे मला एरवी 'अगं' म्हणायचे, रागावले की मात्र 'सुधा'. शेवटच्या आजारपणात त्यांचं रागावणंही बंद झालं होतं. ते गेल्यावर कधीतरी लक्षात आलं, की आपलं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर येतं. त्याचं मी फारसं काही वाटून घेतलं नाही. आमच्या पिढीच्या बायकांना नावाशिवाय जगायची सवय असते.

इंग्रजीच्या क्लासला गेले ती मुक्तासाठी. ती इंग्लंडला, दिवस राहिलेले, बाळंतपणाला मी जाणार हे ठरलेलं. फोनवर म्हणाली, "आई, इथे नर्स घरी येते तपासायला. मी झोपलेली असेन, कुठे गेलेली असेन, तुला दार उघडून बोलावं लागेल. तेवढं बोलायला शीक." मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. वर्तमानपत्र वाचायचे, फॉर्म भरायचे. पण समोर जिवंत माणूस उभा राहिला की नुसती मान डोलवून मोकळी व्हायचे. मराठीच्या बाईला इंग्रजी येत नाही हे ठीक आहे, पण मराठीच्या बाईला इंग्रजी चुकीचं येतं हे तिला कसं सोसावं? म्हणून मी आजवर गप्प बसायचाच मार्ग पत्करला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

क्लास एका मेडिकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. जिन्यात कायम औषधांचा आणि खालच्या वडापावचा मिळून एक वास. दुपारची बॅच आम्हा रिकामटेकड्यांची होती. देवळाली कॅम्पहून येणारी एका फौजीची बायको, निवृत्त पोस्टमास्तर, एक शेतकरी, दोन-तीन गृहिणी आणि मी. शिकवणारी ऋतुजा माझ्या मुक्ताहूनही लहान. पहिल्याच दिवशी तिनं नियम सांगितले. दारातून आत आलं की मराठी बंद. आणि काका नाही, काकू नाही, सर नाही, मॅडम नाही. "ओन्ली नेम्स. मलाही ऋतुजाच म्हणायचं." हे शेवटचं वाक्य तिनं मराठीत म्हटलं, नाहीतर आम्हाला कळलंच नसतं.

माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि सवयीनं सुरू केलं, "मिसेस..."

"नो मिसेस."

"सुधा."

ती वर्गाकडे वळली आणि हात वर करून म्हणाली, "एव्हरीबडी!" त्यावर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हॅलो, सुधा!"

माझे कान तापले. पोस्टमास्तरसुद्धा म्हणाले होते! घरी येईपर्यंत मी त्या पोरीवर चडफडत होते. चहाचं आधण ठेवताना लक्षात आलं, की हा राग नव्हेच. राग असता तर मी दुसऱ्या दिवशी वेळेआधी जाऊन बसले नसते.

दुसऱ्या दिवशी जोड्या पाडल्या आणि माझ्या समोरच्या खुर्चीत निवृत्ती येऊन बसले. आमच्याकडे त्र्यंबकच्या नाथांमुळे हे नाव घरोघरी असतं. हे मात्र नावाला अजिबात न जागणारे. पिंपळगाव बसवंतला त्यांची द्राक्षबाग, पोरगा बघत होता तरी पहाटेपासून स्वतः बागेत. अंगात पांढरा सदरा, पायात चपला. टोपी वर्गाच्या दारात काढायचे, घडी करून खिशात ठेवायचे, आणि सुटल्यावर जिन्याच्या वरच्या पायरीवर पुन्हा डोक्यावर चढवायचे. मला वाटतं त्यांच्या लेखी टोपी ही मराठी होती.

क्लासला का आलात, असं ऋतुजानं प्रत्येकाला विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हॉलंड पीपल कम टू माय गार्डन. माय सन टॉक. कंपनी मॅन टॉक. दे टॉक अबाऊट माय ग्रेप्स. आय स्टँड लाइक पोल." आणि स्वतः खांबासारखे ताठ उभे राहून दाखवलं. वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला तो खांब दिसला. मुक्ताच्या लग्नात जावयाच्या ऑफिसातल्या लोकांमध्ये मी तशीच उभी होते.

रोज तासाची सुरुवात एकाच गोष्टीनं व्हायची. जोडीदारानं विचारायचं, 'व्हॉट डिड यू डू यस्टर्डे?' आणि दुसऱ्यानं पाच वाक्यांत काल काय केलं ते सांगायचं. क्रियापदांचा भूतकाळ पक्का व्हावा एवढाच ऋतुजाचा हेतू.

निवृत्ती सांगायचे, "यस्टर्डे वॉज व्हेरी कोल्ड. आय मेड फायर इन गार्डन. ग्रेप्स वेअर ऑल्सो कोल्ड." पहाटे पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात, ते मला त्यांच्या या तीन वाक्यांतून जास्त चांगलं कळलं. कधी म्हणायचे, "माय ग्रेप्स आर रीडिंग न्यूजपेपर." परदेशी जाणाऱ्या घडांना ऊन लागून ते गुलाबी पडू नयेत म्हणून कागद गुंडाळतात, त्याबद्दल. असं काही बोलून झालं की ते गालातल्या गालात हसत माझ्याकडे बघायचे, जमलं का म्हणून.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "यस्टर्डे आय वोक अप. आय मेड टी. आय ड्रँक टी." पुढे काही सुचेना. ऋतुजा जवळून जात होती, म्हणाली, "अँड देन?" मी खूप आठवून पाहिलं. आदल्या दिवशी खरोखरच दुसरं काही घडलं नव्हतं. "देन इव्हनिंग केम," मी म्हटलं.

ऋतुजा पुढे निघून गेली. निवृत्तींनी फळ्यावर नसलेला एक प्रश्न विचारला. "हू ड्रँक विथ यू?"

"नो वन."

"मी ऑल्सो," ते म्हणाले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मला पुढे कळलं.

मराठीत माझ्याशी असं बोलायची कोणाची छाती झाली नसती, आणि मीही उत्तर दिलं नसतं. एकट्या राहणाऱ्या बाईला परका पुरुष 'चहा कोणाबरोबर घेतला' असं विचारतो म्हणजे काय! मराठीत मी म्हणाले असते, 'चालायचंच, आता काय राहिलंय आपलं.' ही सगळी वाक्यं माझ्याकडे तयार असतात. उभं आयुष्य मी मुलांना ती वापरायला शिकवली. कोणी समाचाराला आलं की त्यांतलं एक पुढे करायचं, म्हणजे आतलं काही दाखवावं लागत नाही. इंग्रजीत माझ्याजवळ आड लपायला काहीच नव्हतं. 'हाऊस इज बिग.' 'आय डोंट कुक एव्हरीडे.' 'इव्हनिंग इज लाँग.' मराठीत 'मी दुःखी आहे' असं फक्त नाटकात म्हणतात. इंग्रजीत 'आय अ‍ॅम सॅड' मी एका दुपारी वर्गात म्हटलं आणि म्हणून झाल्यावर पाणी प्यायले.

ह्यांचं नाव मी जन्मात घेतलं ते उखाण्यात, नाहीतर बँकेत. निवृत्तींनी विचारलं, "व्हॉट वॉज युवर हजबंड्स नेम?" आणि मी म्हटलं, "मधुकर." ना द्राक्षाची वेल, ना चांदीचं ताट, काही यमक नाही. नुसतं मधुकर. खोलीत ते नाव ऐकून मलाच चमत्कारिक वाटलं. जणू हे दारापर्यंत येऊन गेले.

मग मी एक करायला लागले. उद्या काहीतरी सांगायला हवं म्हणून आज काहीतरी करायचं. सोमेश्वरला जाऊन धबधब्याजवळ बसले. थंडीत तिथे धबधबा कसला, ओघळच तो, पण सांगायला पुरला. गुडघे दुखत असताना पांडवलेणी चढले. भद्रकालीच्या बाजारात जाऊन पितळेचा एक लहान दिवा घेतला, ज्याची मला गरज नव्हती. एकटीसाठी पुरणपोळी केली. शेजारीण म्हणाली, "काकू, आज काय विशेष?" तिला काय सांगणार, की उद्या दुपारी एक माणूस मला विचारणार आहे?

हे आवडायला लागलं होतं, हे मी कशाला नाकारू? त्याला नाव द्यायची मला गरज वाटत नाही आणि त्या वयात कोणी नाव देऊही नये. मला एवढंच हवं होतं, की माझा कालचा दिवस कोणीतरी मन लावून ऐकावा. बॅच मार्चअखेर संपणार होती. मग मी इंग्लंडला जाईन, परत येईन आणि त्यानंतर कोण विचारणार, ही धाकधूक मला जानेवारीतच लागली होती. मुलीच्या बाळंतपणाची काळजी करायची सोडून मी ही काळजी करत होते.

संक्रांत झाली आणि ऋतुजानं सहल काढली. निवृत्तींच्या बागेत जायचं, आणि तिथेही इंग्रजीच बोलायचं. आम्ही एक गाडी करून गेलो. बाग बघून मी हरखलेच. डोक्यावर वेलींचा मांडव, खाली हिरवट सावली, आणि रांगेनं लोंबणारे कागदात गुंडाळलेले घड. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजूर बाया आमचं इंग्रजी ऐकून तोंडाला पदर लावून हसत होत्या. आणि निवृत्ती? ते तिथे निवृत्ती नव्हतेच. डोक्यावर टोपी, आवाज चढा. "अय, ती द्राक्षांची कॅरेटं सावलीत घ्या रे! किती डाव सांगायचं?" पोरगा, सून, गडी, सगळे त्यांना तात्या म्हणत होते. आमच्याशी मात्र ते मोडकंतोडकं, हळू बोलायचे. एकाच माणसाच्या तोंडून दोन माणसं बोलत होती आणि माझी ओळख त्यांतल्या एकाशीच होती.

घरी अंगणात चहा झाला. रथसप्तमी व्हायची होती, तेव्हा सुनेनं आलेल्या बायकांना हळदीकुंकू लावायला करंडा आणला. तिचं नाव मनीषा. गोड पोरगी, आग्रहानं वाढणारी. तिनं फौजीच्या बायकोला लावलं, गृहिणींना लावलं, हातावर तिळगूळ दिला. ओळीत पुढची मी होते. मी बारीक काळी टिकली लावते, हे गेल्यावर मुक्तानंच ती लावायला लावली. पण करंड्यासमोर टिकलीला कोणी मोजत नाही. माझ्या गळ्यात काही नाही हे मनीषानं आल्या आल्या पाहिलं होतं. तिचं बोट कुंकवात बुडालेलं आणि ती थांबली. पोरीची चूक नव्हती. लावावं तर घरातल्या जाणत्या काय म्हणतील, न लावावं तर पाहुणीचा अपमान. असे क्षण मला नवे नाहीत. अशा वेळी मी नेहमी काहीतरी निमित्त काढून उठते. तशी उठतच होते.

"सुधा इज ऑल्सो अवर गेस्ट," निवृत्ती म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. त्यांना सुनेला सांगायचं होतं, की लाव. मराठीत, आपल्या घरात, आपल्या माणसांदेखत हे त्यांना सांगता आलं नसतं. म्हणून त्यांनी ते वर्गातल्या भाषेत सांगितलं, आणि वर्गातल्या भाषेबरोबर वर्गातलं नावही आलं.

इंग्रजी किती जणांना कळलं देव जाणे, नाव सगळ्यांना कळलं. तात्यांनी मास्तरीणबाईंना, त्यातून विधवा बाईंना, नुसत्या नावानं हाक मारली होती. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या चुलतीनं मान वळवून बघितलं. पोरगा कॅरेट उचलता उचलता थांबला. मनीषानं इतक्या घाईघाईनं माझ्या कपाळाला बोट टेकलं की कुंकू माझ्या नाकावर सांडलं. मग तिळगूळ देताना तिनं हळूच विचारलं, "बाई, तात्या तुमाला नावानं हाक मारत्यात?"

"क्लासचा नियम आहे," मी म्हटलं.

"हां का," ती म्हणाली.

त्या 'हां का'मध्ये वाईट काही नव्हतं. पण एखादं भांडं कुठे ठेवायचं ते न कळून माणूस ते बाजूला ठेवतो, तसं तिनं माझं उत्तर बाजूला ठेवलं. मी निवृत्तींकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्याही लक्षात आलेलं होतं. निघताना गाडीपाशी आले, हात जोडले. "बरं बाई. येत जावा." पहिल्यांदाच बाई म्हणाले. माझं भलं करायला गेले आणि माझं नाव गमावून बसले. त्यांच्यावर रागावू तरी कशी? त्या अंगणात माझ्या बाजूनं उभं राहिलेलं ते एकटेच होते.

त्यानंतर ते वर्गात यायचे, समोर बसायचे. पण काहीतरी आवरून घेतलं होतं. मी विचारायचे, काल काय केलं. ते म्हणायचे, "यस्टर्डे आय स्प्रेड मेडिसिन. यस्टर्डे आय वर्क्ड. ऑल डे वर्क." पाच वाक्यं मोजून व्हायची. मला विचारताना नाव गाळायचे. घरी कोणी काही बोललं असेल, किंवा नसेलही. न बोलताही पुष्कळ होतं. फेब्रुवारी तसा गेला. काढणी जोरात आली तेव्हा त्यांचे खाडे पडायला लागले आणि माझ्यासमोर पोस्टमास्तर येऊन बसले. ते त्यांचा कालचा दिवस फार तपशिलात सांगायचे. मी ऐकत नव्हते.

शेवटच्या दिवशी मात्र ते आले. ऋतुजानं पेढे वाटले, फोटो काढले. सगळे पांगल्यावर जिन्यात आम्ही दोघंच होतो. नियम आता संपला होता. हवं ते मराठीत बोलायची मोकळीक होती, आणि नेमकं तिथेच मला तोंड उघडता येईना. यांना म्हणायचं काय? निवृत्ती? मराठीत ते शोभत नाही. निवृत्तीराव? म्हणजे मी त्यांच्या सोयरिकीतली. तात्या? तो माणूस मला माहीत नव्हता. 'कॉल मी समटाइम्स' हे इंग्रजीत सहज म्हणता आलं असतं. मराठीत 'अधूनमधून फोन करत जा' म्हणताना त्याचा अर्थ जिनाभर पसरला असता. तेवढ्यात त्यांनी खिशातून टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली.

"बाई, जपून जावा," ते म्हणाले. "थंडी लय असंल तिकडं."

"हो," मी म्हटलं. "तुम्हीही जपा."

झालं. एवढ्यावर आम्ही जिना उतरलो.

इंग्लंडमध्ये माझं इंग्रजी छान चाललं. मुक्ता कौतुकानं सगळ्यांना सांगायची. घरी येणारी नर्स दारातूनच "हाऊ आर यू, सुधा?" म्हणायची आणि माझं उत्तर सुरू व्हायच्या आत बाळाकडे वळायची. दुकानातली पोरगी सुधा म्हणायची, शेजारचे म्हातारे सुधा म्हणायचे. तिथे सगळेच मला नावानं हाक मारत होते. मग मला कळलं, की मी इतके दिवस उगाच नावाला धरून बसले होते. नाव कोणीही घेतं. नात बघून जीव निवला, तिला न्हाऊमाखू घातलं, पाळण्यात घालून नाव ठेवलं, आणि व्हिसा संपला तशी परत येऊन याच गार फरशीवर उतरले. नात आता फोनवर माझ्याशी चुरूचुरू इंग्रजी बोलते. मला कळतं. मीही बोलते. दोन मिनिटांत ती खेळायला पळते, आणि तिनं पळावंच.

त्यानंतर द्राक्षांचे कितीतरी हंगाम येऊन गेले. क्लासचा फोनवरचा ग्रुप अजून आहे. त्यात पोस्टमास्तर रोज फुलांची चित्रं पाठवतात. निवृत्तींचं तिथे कधी काही नसतं.

आज दुपारी ती आंबट द्राक्षं समोर ठेवून बसले होते आणि काय झालं कोण जाणे, मी सरळ त्यांचा नंबर लावला. फार विचार केला असता तर लावला नसता. पलीकडे मनीषाचा आवाज आला. "कोण?"

"मी..." पुढे काय सांगावं हे क्षणभर ठरेना. "मी क्लासमधल्या बाई. नाशिकच्या."

"अय्या, बाई! बऱ्या हायेत ना? किती दिसांनी!" मग आत तोंड करून, "तात्या, बाईंचा फोन हाय!"

ते आले. "बोला बाई." बाग कशी आहे विचारलं. बरी हाय, म्हणाले. मुक्ताचं विचारलं त्यांनी, नातीचं विचारलं. मी सांगितलं. यंदा थंडी जास्त आहे यावर आमचं एकमत झालं. मागे मिक्सर चालू होता, टीव्ही चालू होता, कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. भरल्या घरातला फोन. आणि तेवढ्यात बोलायचं संपलं. आता 'बरं, ठेवते' म्हणायचं तेवढं उरलं होतं.

"आवाज नाय येत घरात," ते मोठ्यानं म्हणाले. मला नव्हे, घराला. "भायेर जाऊन बोलतो."

चपलांचा आवाज आला. दार वाजलं. टीव्ही मागे पडला, मिक्सर मागे पडला. मग बराच वेळ नुसता चालण्याचा आवाज, पायाखाली वाळकी पानं. मग तोही थांबला.

"बाई."

"हं."

"करमत नाय वो."

इतक्या वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. आणि मीही कोणाला म्हटलं नव्हतं, मुक्तालासुद्धा नाही, तिला उगाच घोर नको म्हणून. घर मोठं आहे, संध्याकाळ लांब आहे, हे सगळं मी बोलले होते. हे नव्हतं बोलले.

"मलाही नाही करमत," मी म्हटलं. माझ्याच तोंडचं मराठी मला अनोळखी वाटलं.

पलीकडे ते खाकरले. "दुपारचं करत जावा फोन," ते म्हणाले. "मी तवा बागंत असतो. एकलाच असतो."

"बरं," मी म्हटलं, आणि त्यानंतर किती तरी वेळ आमच्यापैकी कोणीच फोन ठेवला नाही.